मनालाही मार लागतो

आपल्या गावात एखाद्याचा पाय मोडला, तर आपण काय करतो? त्याला उचलून दवाखान्यात नेतो. डॉक्टर पाय बांधतात. महिना-दीड महिना चालू नको, असं सांगतात. घरातली माणसं त्याला जागेवर भाकरी आणून देतात. "ऊठ, नाटकं करू नकोस," असं त्याला कोणी म्हणत नाही.

आता दुसरं उदाहरण घेऊ. एका बाईला रात्र रात्र झोप येत नाही. अन्न गोड लागत नाही. कारण नसताना रडू येतं. तिला आपण काय म्हणतो? "तुला काय कमी आहे? जरा मन घट्ट कर की!" एखादा कर्ता माणूस कामावरून येतो आणि भिंतीला टेकून गप्प बसतो. त्याला आपण म्हणतो, "आळशी झालाय."

मोडलेला पाय डोळ्यांना दिसतो. मोडलेलं मन दिसत नाही. पण मनालाही मार लागतो. मनही थकतं. आणि पायासारखाच मनावरही उपचार आहे. तो कसा असतो, नवरा-बायकोला त्याचा काय उपयोग होतो आणि तो कुठं मिळतो, हे आपण या धड्यात पाहू.

मन थकतं म्हणजे काय होतं?

वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना लागतं. आपल्या या भागात पाऊस कमी. ज्वारी पिकली तर पिकली. म्हणून बऱ्याच घरांतलं एखादं माणूस शेताबाहेरच्या कामाला जातं.

समजा, असं एक घर आहे. हे घर आम्ही मनानं रचलं आहे, पण असली घरं कुठल्याही गल्लीत सापडतील. नवरा सोलापूरला यंत्रमागावर टॉवेल विणायला जातो. बारा तासांची पाळी. मागांचा आवाज एवढा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बायको पहाटे उठते. पाणी भरते, भाकरी थापते, मुलांना शाळेत धाडते. मग मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसते. सासरे अंथरुणाला खिळलेले. थोरल्या मुलीच्या लग्नाचं कर्ज फिटायचं आहे.

पहिली काही वर्षं दोघं रेटून नेतात. मग हळूहळू फरक पडतो. नवरा घरी आला की कोणाशी बोलत नाही. मुलगा जवळ आला तर वसकन अंगावर जातो. बायकोचं डोकं रोज दुखतं. विड्या मोजताना आकडा चुकतो. सणाला पुरणपोळी केली, तरी दोघांना आनंद होत नाही. झोपून उठलं तरी शीण जात नाही.

हा आळस नव्हे. बैलावर झेपेना एवढं ओझं लादलं, तर बैल बसतो. जाणता शेतकरी त्याला पराणी टोचत नाही. आधी जू उतरवतो, पाणी पाजतो, खुरं बघतो. माणसाच्या मनाचंही तसंच आहे.

ही गोष्ट आपल्याकडेच घडते, असं नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात फ्रॉयडनबर्गर नावाचे मनाचे डॉक्टर होते. गोरगरिबांच्या दवाखान्यात राबणारे लोक कसे आतून जळून गेल्यासारखे होतात, हे त्यांनी 1974 साली लिहिलं. पुढं 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेनंही या थकव्याची नोंद घेतली. हा रोग नव्हे, कामाचा ताण फार दिवस साचला की येणारी ही अवस्था आहे, असं तिनं सांगितलं. पण तिकडं दुर्लक्ष झालं, तर दुखणं वाढू शकतं. उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला आणि कामात लक्षच लागेना, तर डॉक्टरांना दाखवलं पाहिजे.

जुना मार

काही वेळा मन ओझ्यानं थकत नाही. त्याला पूर्वी कधी तरी मोठा मार बसलेला असतो.

आपल्याकडच्या थोरल्या माणसांना 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवत असेल. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. सोलापूरकडेही धक्का जाणवला. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर, अशी गावंच्या गावं कोसळली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं झोपेतच गेली. नंतर पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवली.

वाचलेल्या माणसांच्या अंगावरच्या जखमा भरल्या. पण कित्येकांची भीती गेली नाही. दगडाच्या घरात झोपायला माणसं धजत नव्हती. पत्रा वाजला तरी दचकत होती. ही माणसं भित्री होती का? नाही. त्यांच्या मनाला मार बसला होता.

असं का होतं? वस्तीवर राखणीचं कुत्रं असतं. एकदा रात्री चोर येतो, कुत्र्याला काठीनं बडवतो. त्यानंतर ते कुत्रं पान हललं तरी भुंकतं. चोर निघून गेलेला असतो, पण कुत्र्याच्या लेखी तो अजून दाराशीच असतो. आपल्या शरीरातही असा एक राखणदार आहे. संकट आलं की तो छाती धडधडवतो, हातपाय ताठ करतो, पळायला नाही तर झुंजायला तयार करतो. काही वेळा तो माणसाला जागच्या जागी थिजवतो. मोठा मार बसला की हा राखणदार फार हळवा होतो. धोका नसतानाही ओरडतो.

असा मार फक्त भूकंपानं बसत नाही. लहानपणी बाप दारू पिऊन मारत होता. पोटचं मूल गेलं. रस्त्यावर अपघात झाला. चारचौघांत जातीवरून अपमान झाला. 2020 आणि 2021 सालच्या कोरोनात घरचं माणूस गेलं आणि शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. या साऱ्यांचा मनाला मार बसतो. आणि तो बाईला बसतो तसा पुरुषालाही बसतो.

दोघांचं भांडण कुठून येतं?

आपण वर रचलेल्या घरात परत जाऊ. आता असं समजा, की त्या बायकोचं लहानपण दारुड्या बापाच्या घरी गेलं. बाप मोठ्यानं ओरडला, की पाठोपाठ मार पडायचा. म्हणून ती कोपऱ्यात गप्प बसायला शिकली.

नवरा दिवसभर मागाच्या आवाजात असतो. तिथं मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू जात नाही. घरी आला, तरी त्याचा आवाज चढलेलाच राहतो. तो नुसतं विचारतो, "पाणी भरलं नाहीस का?" पण आवाज ऐकताच बायकोच्या आतला राखणदार जागा होतो. ती थिजते. उत्तर देत नाही.

नवऱ्याला वाटतं, ही आपल्याला मोजत नाही. दिवसभर मालकाचं बोलणं खाऊन आलेला असतो. तो आणखी मोठ्यानं बोलतो. ती आणखी गप्प होते. शेवटी ताट भिरकावलं जातं, मुलं रडतात.

यात दोष कोणाचा? दोघंही थकलेली आहेत. दोघांचीही मनं दुखावलेली आहेत. भांडण पाण्याच्या घागरीवरून दिसतं, पण ते घागरीचं नाही. हे दोघांना कळलं, तर निम्मं भांडण तिथंच विझेल. पण हे कळायला तिसरं, जाणतं माणूस लागतं.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. थकवा हे बायकोला मारण्याचं कारण होऊ शकत नाही. मन कितीही दुखावलेलं असो, हात उगारायचा नाही.

उपचार कसा असतो?

मनाच्या उपचाराचं मुख्य औषध म्हणजे बोलणं आणि ऐकणं. जे माणूस हे काम शिकलेलं असतं, त्याला समुपदेशक म्हणतात. पुरुष असतात, तशा बायकाही असतात.

चांगला समुपदेशक काही गोष्टी पाळतो.

पहिली गोष्ट, तो दोष देत नाही. "तुम्ही असं का वागता?" असं दरडावत नाही. "तुमच्यावर काय काय गुजरलं?" असं विचारतो.

दुसरी गोष्ट, तो घाई करत नाही. जुनी जखम उघडी करायला भाग पाडत नाही. "ताई, आज एवढंच पुरे. पुढचं सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा," असं म्हणतो. खपली ओढून काढली, तर रक्तच येतं, हे त्याला ठाऊक असतं.

तिसरी गोष्ट, ऐकलेलं तो गावात सांगत नाही. उपचाराची माहिती गुप्त राहावी, हा आपला कायद्यानं दिलेला हक्क आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल, अशा मोजक्या वेळीच त्याला इतरांना सांगावं लागतं.

चौथी गोष्ट, तो माणसाचा मान ठेवतो. गरीब असो, विधवा असो, तृतीयपंथी असो, कोणत्याही जातीधर्माचं असो. "तुम्ही इतकं सोसून उभ्या राहिलात, ही तुमची ताकद आहे," हे तो मनापासून सांगतो. ज्याला आयुष्यभर दूषणंच मिळाली, त्याला एवढ्या शब्दानंही बळ येतं.

मग तो सोप्या युक्त्या शिकवतो. छाती धडधडू लागली, की दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकायचे. श्वास सावकाश घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची: चूल, कळशी, उंबरा, कोंबडी, कडुलिंब. यानं आतल्या राखणदाराला कळतं, की चोर गेला आहे, आपण आपल्या अंगणात आहोत.

दुसरी युक्ती छोट्या कामांची. उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. भजन सोडतो, पारावर बसणं सोडतो, शेजारणीकडं जाणं सोडतो. त्यानं मन आणखी खचतं. समुपदेशक म्हणतो, "या आठवड्यात एकदाच भजनाला जा. मन लागो न लागो, जाऊन बसा." हळूहळू गाडी रुळावर येते.

नवरा-बायको दोघं आली, तर तो बोलण्याची पाळी लावतो. आधी एकानं पाच मिनिटं बोलायचं. दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. मग ऐकणाऱ्यानं आपण काय ऐकलं ते सांगायचं. बायको म्हणते, "अहो, तुमचा आवाज चढला, की मला आमच्या घरचं आठवतं. मग माझी जीभच उचलत नाही." नवरा म्हणतो, "तू गप्प झालीस, की मला वाटतं या घरात माझी किंमत नाही." कदाचित पंधरा वर्षांच्या संसारात हे दोघं पहिल्यांदाच एकमेकांना सांगत असतील.

पुढं दोघं मिळून ओझं वाटून घेतात. पहाटेचं पाणी नवरा भरतो. कामावरून आल्यावर अर्धा तास त्याला कोणी काही विचारत नाही. आवाज चढला तर बायको हात वर करते, मग दोघंही थांबतात. गोष्टी लहान आहेत. पण घर लहान गोष्टींवरच चालतं.

ज्या घरात मारहाण होते, तिथं मात्र दोघांना एकत्र बसवून चालत नाही. बाई मारणाऱ्यासमोर खरं कसं बोलेल? तिच्याशी आधी एकटीशी बोलावं लागतं. 2005 च्या कायद्यानं तिला घरातल्या छळापासून संरक्षण दिलं आहे.

काहींना बोलण्याबरोबर गोळ्याही लागतात. त्या डॉक्टरांनीच द्यायच्या असतात. बरं वाटलं म्हणून त्या मनानं बंद करू नयेत.

यानं खरंच गुण येतो का?

"नुसत्या बोलण्यानं काय होणार?" असं कोणी विचारील. रास्त प्रश्न आहे.

गोव्यात संगत नावाची संस्था आहे. तिनं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. खूप उदास झालेली 495 माणसं निवडली. निम्म्यांना नेहमीचा उपचार दिला. निम्म्यांना त्याबरोबर सहा ते आठ वेळा समुपदेशन दिलं. समुपदेशन करणारे मोठे डॉक्टर नव्हते. थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी पाहिलं, तर नेहमीच्या उपचारानं शंभरातली 39 माणसं सावरली होती, आणि बोलण्याची जोड मिळाल्यावर शंभरातली 64. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकाही या दुसऱ्या गटात कमी आढळल्या. हा अहवाल 2017 साली छापून आला.

विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांतही असंच काम झालं. तिथं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं दुःख मोठं. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी धाडलं. आधी, उदास असलेल्या शंभर माणसांपैकी फक्त चार जण उपचार घेत होते. साधारण दीड वर्षानं ही संख्या सत्तावीस झाली. दार कोणी तरी ठोठावलं, की माणसं बोलतात.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथं दारू सोडायला आलेल्या माणसाशी बोलतात, तसं त्याच्या घरच्यांशीही बोलतात. कारण दारू एक जण पितो, मार सगळ्या घराला बसतो.

पण आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. या उपचारानं पाऊस पडत नाही. कर्ज फिटत नाही. मालक मजुरी वाढवत नाही. त्यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागतात. पण खचलेल्या माणसाला तेवढी धडपडही करवत नाही. आधी माणूस सावरला पाहिजे.

लोक काय म्हणतील?

कित्येकांना वाटतं, मनाच्या डॉक्टरकडं गेलो तर येरवड्याला धाडतील. हा समज चुकीचा आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारी मनोरुग्णालयं आहेत, हे खरं. पण थकलेल्या, उदास झालेल्या बहुतेक माणसांना तिथं जावंच लागत नाही. ती घरी राहून, काम करत बरी होतात.

कोणी म्हणतं, बाहेरची बाधा आहे, देवऋषाकडं चला. देवावर श्रद्धा जरूर ठेवा. देवळात जाऊन मन शांत होत असेल, तर जरूर जा. पण अंगारा लावण्यात आणि कोंबडं कापण्यात महिने घालवू नका. पैसाही जातो, दुखणंही वाढतं. आणि भूत काढायचं म्हणून कोणी माणसाला मारत असेल, तर तो गुन्हा आहे.

आपल्या देशात 2017 साली मानसिक आरोग्याचा कायदा झाला. मनाच्या दुखण्यावर सरकारी उपचार मिळणं हा त्यानं प्रत्येकाचा हक्क केला. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार समजायचं नाही, तो फार मोठ्या ताणाखाली होता असं धरायचं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची, असंही हा कायदा सांगतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीनं असं माणूस घरात दडवून ठेवू नका.

कुठं जावं?

आधी गावातल्या आशाताईंना विचारा, नाही तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात मनाच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. तिथं केसपेपर काढून दाखवता येतं.

जाणं जमत नसेल, तर फोन आहे. सरकारनं 2022 साली टेली-मानस ही सेवा सुरू केली. तिचा नंबर 14416. फोनला पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्रीही कोणी तरी बोलायला असतं. मराठीत बोला, घरी कानडी बोलत असाल तर कानडीत बोला. बाईला घरात मारहाण होत असेल, तर तिच्यासाठी 181 हा नंबर आहे.

कोणी "आता जगण्यात अर्थ नाही" असं बोललं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. "असं बोलू नये" म्हणून गप्पही करू नका. जवळ बसा. "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार वाढत नाही, उलट माणसाला मोकळं होता येतं. त्याला एकटं सोडू नका. शेतीची औषधं कुलपात ठेवा. आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या किंवा फोन करा.

लक्षात ठेवा

1. मन थकणं हा आळस नव्हे आणि पापही नव्हे.
2. दोष देण्याआधी विचारा: "तुमच्यावर काय गुजरलं?"
3. नवरा-बायकोनं बोलण्याची पाळी लावावी. एकानं बोलावं, दुसऱ्यानं ऐकावं.
4. थकवा असला तरी हात उगारायचा नाही.
5. उपचार घेण्यात कमीपणा नाही. टेली-मानस: 14416.

विचार करा, आपसांत बोला

1. पाय मोडलेल्या माणसाशी आणि मन मोडलेल्या माणसाशी आपण वेगळे का वागतो?
2. आपल्या घरात सर्वांत जास्त ओझं कोणावर आहे? त्यातलं काय वाटून घेता येईल?
3. हा धडा घरात कोणाला वाचून दाखवावासा वाटतो? आज रात्री जेवण झाल्यावर वाचून दाखवा.